खालच्या टाकीतला दिवा

पाणी भरून अठरा दिवस झाले होते. सकाळी चहाचा कप घेऊन बेसमेंटमध्ये उतरले, तर पांढऱ्या वाळूवर रात्रीतून कुणी दालचिनीची पूड भुरभुरल्यासारखं दिसलं. नळीने हलकेच पाणी सोडलं की ती पूड उडायची, पंपाच्या झोतात गरगरायची आणि पुन्हा येऊन बसायची. दोन दिवसांनी दगडांवरही तीच. आठवड्याच्या अखेरीला पुढच्या काचेवर तिचा असा थर बसला, की आतले दगड पावसाळी धुक्यातून दिसावेत तसे दिसू लागले.

या टाकीसाठी मी दोन वर्षं थांबले होते. आमचं घर ओहायो राज्यात, कोलंबसला. अटलांटिकचा किनारा इथून गाडीने अख्ख्या दिवसाच्या अंतरावर. माझं लहानपण गेलं जैतापूरच्या खाडीपासून चालत अर्ध्या तासावर. इथे येऊन वीस वर्षं झाली तरी पावसाळी हवेत मान वर करून खारा वास शोधायची सवय गेलेली नाही. प्रवाळ मी पहिल्यांदा पाहिलं ते मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात तोंडाला मुखवटा लावून डोकं बुडवलं तेव्हा. पंधरा मिनिटं वर यावंसं वाटलं नाही. तिथलं एक बोटभर प्रवाळ उचलणंही गुन्हा आहे, आणि तसंच असायला हवं. भारतात कठीण प्रवाळांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला, जागा आहे. माझ्या टाकीत जे येणार होतं ते समुद्रातून ओरबाडलेलं नको, ही अट मी स्वतःला घातली होती. इथे वर्षानुवर्षं टाक्यांमध्येच वाढलेल्या प्रवाळांच्या फांद्या कापून देतात. त्या कापाला फ्रॅग म्हणतात. गुलाबाचं कलम लावावं तसा तो चिकटवायचा आणि वाट बघायची.

टाकी ४० गॅलनची, म्हणजे साधारण १५० लिटरची. लिटरमागे ३५ ग्रॅम या हिशेबाने पाच किलोंहून अधिक मीठ लागलं. स्वयंपाकाचं मीठ इथे चालत नाही, कारण समुद्राच्या खारटपणात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि आणखी कितीतरी गोष्टी असतात. रात्रभर पंप लावून ठेवला. सकाळी ढगाळलेलं पाणी निवळलं होतं. एक थेंब जिभेवर ठेवला. खाडीच्या तोंडाशी, भरतीच्या वेळी पोहताना नाकातोंडात जायचं ते पाणी होतं ते. मी तिथेच पायरीवर बसले.

आणि आता त्या पाण्यावर ही पूड.

ते डायटम होते. एका पेशीचे जीव, आणि प्रत्येकाभोवती काचेचं घर. पाण्यात विरघळलेली सिलिका शोषून ते हे घर बांधतात. घरांची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की जाळीदार पितळी डबे आठवतात. जगभरच्या पाण्यांतले डायटम मिळून पृथ्वीवरच्या प्राणवायूचा साधारण पाचवा हिस्सा तयार करतात, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण स्वतःच्या टाकीच्या काचेवर बसलेल्यांना ते श्रेय द्यायला मन तयार नव्हतं. रोज सकाळी काच पुसायची, संध्याकाळी पुन्हा तपकिरी. तीन आठवडे हे चाललं. मग पाण्यातली सिलिका संपली आणि ते आपोआप ओसरले. माझ्या पुसण्याचा त्यात काही वाटा नव्हता.

पूर्वी लोक टाकीत समुद्रातून काढलेले दगड घालत. त्यांच्या छिद्राछिद्रांत जीवाणू, किडे, शिंपले, गुलाबी कवच धरलेलं सगळं आयतं यायचं. मी कोरडे दगड घेतले होते. कधीकाळी समुद्रतळ असलेल्या, आता जमिनीवर आलेल्या प्रवाळखडकाचे, खाणीतून काढलेले. समुद्राला त्याचा उपद्रव नाही म्हणून घेतले. पण ते हाडासारखे पांढरे आणि संपूर्ण रिकामे होते. एवढी रिकामी जागा, वर दिवसभर उजेड, आणि भोवती पाणी. आमच्याकडे राजापूरच्या सड्यावर असंच असतं. मेमध्ये कातळ इतका उघडा, की अनवाणी पाय ठेववत नाही. पहिला पाऊस झाला की त्यावर आधी एक करडी-हिरवी बुळबुळीत साय येते, तिच्यावरून माणसं घसरतात. तिच्या मागून गवत, आणि भाद्रपदात तोच सडा निळ्या-पिवळ्या फुलांनी भरून जातो. लहानपणी मला फुलंच आठवायची. साय लक्षात राहिली नव्हती.

एप्रिलमध्ये हिरवं आलं. आधी दगडांच्या माथ्यावर कोवळी लव, खरंच सुंदर. पंधरा दिवसांत तिचे केस झाले. पाण्याच्या झोताबरोबर ते लहरायचे, माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं त्यांच्यात अडकायचं, आणि त्यावर ते आणखी माजायचे. माझा पहिला फ्रॅग, बटणाएवढ्या हिरव्या तोंडांचा झोअँथिड, त्या केसांत बुडाला आणि त्याने तोंडं मिटून घेतली. मी मुलाचा जुना टूथब्रश घेतला. एका हाताने दगड घासायचा, दुसऱ्या हातात नळी धरून सुटलेलं शेवाळ बाहेर ओढायचं. बादलीभर पाणी निघायचं, त्याला ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडपांचा वास. त्या वासासाठी मी बेसमेंटमध्ये जरा जास्तच वेळ रेंगाळत असे.

चार दिवसांनी सगळं पुन्हा तेवढंच.

पाण्यात फॉस्फेट किती आहे ते तपासायची एक पुडी मिळते. ती घातल्यावर पाणी जितकं निळं, तितकं फॉस्फेट जास्त. माझं पाणी शाईसारखं निळं झालं. लिटरला ०.२८ मिलिग्रॅम निघालं. प्रवाळाच्या टाकीत ०.०५च्या आसपास बरं. कुठून आलं? पहिला महिनाभर मी बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी नळाच्या पाण्याने भरून काढलं होतं, कारण गाळणीयंत्रातून पाणी थेंबथेंब येतं आणि मला घाई असायची. अमेरिकेत पुष्कळ शहरांत जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरू नये म्हणून पाण्यात मुद्दाम थोडं फॉस्फेट सोडतात. माणसाला त्याचा त्रास नाही. पण टाकीतून पाणी उडून जातं आणि फॉस्फेट मागे राहतं, दर आठवड्याला थोडी भर पडत. शिवाय माशांचं गोठवलेलं खाणं. त्याची वडी वितळली की जे पाणी सुटतं तेही मी सरळ आत ओतत होते.

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात प्रयोगांसाठी राखून ठेवलेली काही तळी आहेत. त्यांतल्या २२६ क्रमांकाच्या तळ्याला मधोमध बारीक कंबर आहे. १९७३मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कंबरेत प्लॅस्टिकचा पडदा टाकून तळ्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र घातलं. दुसऱ्यात कार्बन, नत्र आणि स्फुरद, जे फॉस्फेटमध्ये असतं. काही आठवड्यांनी विमानातून काढलेला फोटो मी कितीतरी वेळा पाहिला आहे. पडद्याच्या एका बाजूला काळंनिळं पाणी, दुसऱ्या बाजूला शेवाळाचा हिरवा रंग, आणि मधली रेघ सुरीने कापल्यासारखी. तळी कशामुळे सडतात यावरचा बराच वाद त्या एका फोटोने मिटवला. मी माझ्या टाकीसमोर बसून तो फोटो पुन्हा पाहिला आणि टूथब्रश खाली ठेवला.

मेच्या पहिल्या आठवड्यात आई आली, सहा महिन्यांसाठी. कठडा धरून जिना उतरली, टाकीपुढे खुर्ची ओढून बसली, आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अगो, हे तर आपल्या पाखाडीवरचं.”

मी सांगितलं, हे सगळं काढून टाकायचंय.

“सगळं कसं जाईल? पाण्यात आहे ना ते?”

आमच्या घरापासून खालच्या वाडीपर्यंत जांभ्याची पाखाडी आहे, सत्तरेक पायऱ्यांची. श्रावणात तिच्यावर शेवाळ असं चढतं, की पाय टेकवायची भीती वाटते. गणपती डोक्यावरून याच वाटेने यायचे. म्हणून आदल्या आठवड्यात बाबा खराटा आणि खोरं घेऊन पायऱ्या खरवडायला बसत. मधली, पाऊल पडेल तेवढी वाट स्वच्छ करायचे. कडेचं हिरवं तसंच सोडायचे. मी एकदा हौसेने कडा खरवडायला घेतल्या, तर म्हणाले, ते राहू दे, दगडांच्या सांध्यातली माती तेच धरून ठेवतं. हे मी विसरले होते. आई टाकीकडे बघत बसली होती तेव्हा आठवलं, पण तेव्हा त्याचा माझ्या कामाशी काही संबंध आहे असं वाटलं नाही.

मासे दोनच होते, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाउनफिशची जोडी, टाकीतच पैदास झालेली. आईने त्यांना लगेच लेकरं करून टाकलं. ती खाली उतरली की ते काचेशी येऊन शेपट्या हलवायचे, आणि तिला ते उपाशी वाटायचे. मी कामावर गेले की ती त्यांना थोडं खायला घाले. दुपारी थोडं, चहाच्या वेळी थोडं. कुणालाही रिकाम्या तोंडी जाऊ न देणं हा तिचा आयुष्यभराचा धर्म आहे, आणि मला तो मोडायचा नव्हता. तिला कसं सांगावं याचा मी दोन दिवस विचार केला. मग एका संध्याकाळी फोडणीच्या डब्यातून मोहरीचे पाच दाणे काढले आणि तिच्या तळहातावर ठेवले. म्हटलं, आई, या सगळ्या टाकीत फॉस्फेट चांगल्यापासून वाईटाकडे जायला एवढं वजन पुरतं. १५० लिटर पाणी, लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे १५ मिलिग्रॅम. चार-पाच मोहऱ्या.

तिने दाणे बोटाने फिरवून पाहिले. “एवढ्याने?”

“एवढ्याने.”

दुसऱ्या दिवसापासून ती खाणं गाळणीत धुऊन, मोजून, एकदाच घालू लागली. त्या पाच मोहऱ्या मात्र तिने टाकीच्या लाकडी कडेवर ठेवल्या होत्या. त्या अजून तिथे आहेत.

एवढ्याशा स्फुरदाची ताकद मी त्याआधीही एकदा पाहिली होती, तेव्हा मला तिचं नाव माहीत नव्हतं. २०१४च्या ऑगस्टमध्ये आमच्या उत्तरेला टोलेडो शहरात, ईरी सरोवराच्या काठी, जवळजवळ पाच लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगण्यात आलं. सरोवरावर मायक्रोसिस्टिसचा हिरवा तवंग आला होता आणि त्याचं विष पाण्यात उतरलं होतं. उकळून काही उपयोग नव्हता. उकळल्याने विष जात नाही, पाणी आटून ते आणखी दाट होतं. आम्ही गाडीत पाण्याचे कॅन भरून एका मैत्रिणीकडे गेलो. तिचं बाळ चार महिन्यांचं होतं. तिच्या घरातून सरोवर दिसायचं, वाटाण्याच्या रश्श्यासारखं. तीन दिवसांनी पाणी सुरू झालं. मॉमी नदी त्या सरोवराला मिळते, आणि तिच्या दोन्ही काठांना मैलोन् मैल मका आणि सोयाबीन. शेतात घातलेलं स्फुरद पावसाबरोबर नदीत आणि नदीबरोबर सरोवरात जातं. तिथे कुणी दुष्टपणा करायला गेलेलं नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या पिकाला थोडं जास्त खायला घातलं होतं.

जूनमध्ये मी फॉस्फेट शोषणारे दाणे आणले. ते लोहाच्या ऑक्साइडचे असतात, सरळ भाषेत गंजाचे. पाणी त्यांच्यातून फिरवलं की फॉस्फेट लोहाला घट्ट चिकटून बसतं. कोकणातली तांबडी माती हेच करते, म्हणून तिथे भाताला घातलेलं स्फुरद पिकाला पुरतं पोचत नाही, हे मी शाळेत असताना शेतकी अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. तीच तांबडी किमया हातात आल्याचा मला आनंद झाला, आणि मी सांगितल्याच्या दुप्पट दाणे घातले. दहा दिवसांत तपासणीचं पाणी बिनरंगी. फॉस्फेट शून्य, नायट्रेटही शून्य. हिरवे केस पिवळे पडून गळू लागले. जुलैच्या पहिल्या रविवारी टाकी अशी दिसत होती, की घरी आलेला प्रत्येक पाहुणा मी जिना उतरवून खाली नेला.

त्यानंतर जे आलं त्याच्याबद्दल लिहिताना अजून हात जड होतो.

तपकिरी, शेंबडासारखे तंतू. त्यांच्यात हवेचे बुडबुडे अडकलेले. सकाळी टाकी स्वच्छ दिसायची, आणि दुपारपर्यंत प्रत्येक दगडावरून ते तंतू लोंबायचे. रात्री ते विरघळल्यासारखे नाहीसे होत आणि उजेड झाला की परत. ओढून काढले तर दुप्पट. काच साफ ठेवायला सात टर्बो गोगलगायी आणल्या होत्या. त्यांच्या जिभेच्या खवल्यांनी काचेवर नागमोडी पांढऱ्या रेघा उमटायच्या, आईला त्यात रांगोळी दिसायची. त्या मरू लागल्या. सकाळी उतरले की एखादी उलटी पडलेली, पाय आखडलेला. मी सुलटी करून ठेवायची, आणि ती तशीच राहायची. सातांतल्या पाच गेल्या. झोअँथिडने तर तोंडं उघडायचंच सोडलं. मी पाणी बदललं. पुन्हा बदललं. बदललं की आणखी वाढायचं.

मुलाला वाढदिवसाला मिळालेला एक साधा सूक्ष्मदर्शक होता. त्या शेंबडाचा थेंब काचेवर घेऊन पाहिला. थेंबाच्या आकाराच्या पेशी, टोकाकडे निमुळत्या, आणि प्रत्येक पेशी एका अदृश्य खुंटीला बांधल्यासारखी त्याच जागी गोल फिरत होती. घाण्याचा बैल फिरावा तशी. शेकडो घाणे एका थेंबात. त्या फिरण्यावरून ओळख पटते. ऑस्ट्रिऑप्सिस, डायनोफ्लॅजेलेट कुळातला, विषारी. गोगलगायी त्याला खाऊनच मेल्या होत्या.

मी टाकी इतकी निर्मळ केली होती, की बाकी कुणाला जगायला काही उरलं नव्हतं. हिरवं शेवाळ उपाशी मेलं, जीवाणू रोडावले, प्रवाळाची उपासमार झाली. या एकाला मात्र तो दुष्काळ मानवला. मैदान मी मोकळं करून दिलं होतं.

उपाय उलटा होता. पाणी बदलणं थांबवायचं. गंजाचे दाणे काढायचे. आणि रोज ड्रॉपरने नायट्रेट आणि फॉस्फेट मोजून पाण्यात घालायचं. आई शेजारी उभी राहून बघत होती.

“म्हणजे आता घालायचं?”

“हो. मोजून.”

तिने काही विचारलं नाही. कडेवरच्या मोहऱ्यांकडे एकदा पाहिलं.

रात्री या पेशी दगड सोडून पाण्यात तरंगतात, म्हणून पाणी अतिनील दिव्यासमोरून फिरवायचं यंत्र लावलं. पण सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका वयस्कर गृहस्थांचा. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांची वीस वर्षं जुनी टाकी आहे. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हात टाकीत घातला, आणि मूठभर वाळू, अक्रोडाएवढा एक दगड, आणि हिरव्या दोऱ्यांच्या गुंत्यासारखा एक गोळा पिशवीत घालून दिला. दगड जांभळट गुलाबी होता. वाळूत डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे वळवळत होते. घरी आल्यावर आईने पिशवी उजेडात धरली.

“विरजण आणलंस,” ती म्हणाली.

दुसऱ्याच्या घरचं चमचाभर दही. त्याच्याशिवाय दूध नुसतंच नासतं.

पुढचे सहा आठवडे मी टाकीत जवळजवळ हात घातला नाही, आणि माझ्यासाठी तेच सगळ्यात कठीण होतं. रोज थेंब मोजायचे, बघायचं, वहीत लिहायचं. मध्ये आठवडाभर वाळूवर लाल साय धरली, सायनोची. सायनोबॅक्टेरिया, सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत पहिल्यांदा प्राणवायू साठू लागला तो ज्यांच्या श्रमाने, त्यांचे वंशज. आली आणि गेली. ऑगस्टच्या अखेरीला मोठ्या दगडाच्या माथ्यावर पुन्हा कोवळी हिरवी लव दिसली, आणि मी आईला हाक मारून ती दाखवली. एप्रिलमध्ये जिच्यासाठी टूथब्रश घेतला होता, तीच. सूक्ष्मदर्शकाखाली त्या दिवशी घाण्याचे बैल दोनच सापडले.

लव खायला मग एक सागरी साळू आणली. ही जात पाठीवर शिंपल्यांचे तुकडे, खडे, हाती लागेल ते पांघरून फिरते. आमचीने झोअँथिडचा एक सुटा फ्रॅगही डोक्यावर घेतला होता. ती ज्या वाटेने जाते तिथे दगड पांढरा होतो. कॅरिबियन समुद्रात हे काम लांब काळ्या काट्यांची डायडेमा साळू करायची. १९८३च्या जानेवारीत पनामाजवळ त्या मरू लागल्या, आणि वर्षभरात सबंध कॅरिबियनमधल्या नव्वद टक्क्यांहून अधिक साळू गेल्या. जमैकात शेवाळ खाणारे मासे आधीच जाळ्यांत संपले होते. उरलेली एकटी साळू ते ओझं पेलत होती. तिच्यानंतर खायला कुणी नव्हतं. १९७०च्या दशकाच्या अखेरीला तिथला निम्म्याहून अधिक तळ जिवंत प्रवाळाने झाकलेला होता. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो पाच टक्क्यांच्या आत आला, आणि शेवाळ ४ टक्क्यांवरून ९२वर गेलं. टेरी ह्यूज यांनी १९९४मध्ये हे आकडे मांडले. मी ते वाचते तेव्हा मला समुद्र दिसत नाही, जुलैतली माझी टाकी दिसते, आणि तिच्यात सकाळी मान टाकलेल्या त्या गोगलगायी.

सप्टेंबरमध्ये झोअँथिडने तोंडं उघडली. त्यानंतर मी पहिला खरा, कठीण सांगाड्याचा फ्रॅग आणला, हातोडीच्या टोकांसारख्या स्पर्शिका असलेला. रात्री निळ्या दिव्यात तो हिरवा पेटायचा. आईने भिंग लावून पाहिला आणि विचारलं, हा रंग त्याचा का?

हा हिरवा त्याचाच, पण सगळा रंग त्याचा नव्हे. प्रवाळाच्या अंगात, त्याच्या पेशींच्या आत, शेवाळ राहतं. एका चौरस सेंटिमीटरमध्ये दहा लाखांच्या घरात. तपकिरी, सोनेरी, एकपेशी, आणि कुळ तेच डायनोफ्लॅजेलेट, घाण्याच्या बैलांचं. ते उजेडात अन्न करतं आणि त्याचा बहुतांश भाग प्रवाळाला देतं. प्रवाळ त्याला घर देतं आणि आपल्या अंगचा टाकाऊ नत्र देतं. पाणी फार तापलं की ही सोबत मोडते. शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं होतं. जगात प्रवाळ पांढरं पडल्याच्या बातम्या येतात, त्या शेवाळ हरवल्याच्या बातम्या असतात. सहा महिने शेवाळाशी झगडत मी जे वाढवू पाहत होते, ते स्वतः शेवाळाचं घर होतं.

आईने आपल्या बोटातली पोवळ्याची अंगठी भिंगाजवळ धरली. मंगळासाठी लग्नाच्या आधीपासून आहे ती. “यात पण?”

यात नाही. लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं, कमी उजेडाच्या कपारींत वाढणारं. त्याच्या अंगात शेवाळ नसतं. जे मिळेल ते पाण्यातून टिपून खातं आणि वर्षाला केसभर वाढतं.

त्या गृहस्थांनी दिलेला हिरव्या दोऱ्यांचा गोळा म्हणजे कीटोमॉर्फा. हेही शेवाळच. मुख्य टाकीच्या खाली कपाटात एक छोटी टाकी असते, पाणी वरून तिच्यात येतं आणि पंपाने परत वर जातं. त्या टाकीत कीटोला ठेवायचं, त्याच्यासाठी स्वतंत्र दिवा लावायचा. वरच्या दगडांवर जे शेवाळ वाढणार ते इथे वाढतं. नत्र आणि स्फुरद हे खातं, दर रविवारी मूठभर काढून टाकायचं, आणि त्याबरोबर तेवढं स्फुरद टाकीबाहेर जातं. त्याचा दिवा रात्री लावतात. वर अंधार झाला की प्रवाळातलं आणि दगडांवरचं शेवाळ प्राणवायू करायचं थांबतं, सगळेच नुसते श्वास घेतात, पाणी आंबट होत जातं. खाली तेव्हा दिवस असला की तोल राहतो. रात्री दहाला वरचे दिवे मालवतात आणि खालचा लागतो, सकाळी आठला उलट.

कीटो दोन आठवडे झपाट्याने वाढलं आणि मग फिकट पडू लागलं. मी पाणी तपासलं, सगळं ठीक. दिवा तपासला, चालू होता. तिसऱ्या रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा जिन्याच्या दाराखालची उजेडाची फट दिसली नाही. खाली गेले. खालच्या टाकीचा दिवा बंद, बटण हाताने दाबून बंद केलेलं. सकाळी आईला विचारलं. ती रोज साडेदहाला झोपण्यापूर्वी घरातून एक फेरी मारते, गॅस बघते, दारं बघते, आणि कुणी विसरलेले दिवे मालवते. इतक्या रात्री तळघरात दिवा कशाला जळत ठेवायचा म्हणून तोही मालवत होती. सकाळी उठली की लवकर उतरून परत लावून ठेवायची, वरच्यांना उजेड कमी पडू नये म्हणून.

मी तिला खाली नेऊन कीटो दाखवलं. त्याला रात्रीचा उजेड का लागतो ते सांगितलं. तिने हात पाण्यात घातला आणि तो फिकट गोळा हळूच उलटा केला, आतली हिरवी बाजू वर आली. “म्हणजे यांना झोपवायचं आणि याला जागं ठेवायचं,” ती म्हणाली. त्या रात्रीपासून साडेदहाच्या फेरीत ती तळघरापर्यंत उतरायची, गुडघा दुखत असतानाही, दिवा लागला आहे ना ते बघायला.

त्या वर्षी गणपतीला ती इथेच होती. भावाने फोन पाखाडीवर धरला. त्याने नुकत्याच पायऱ्या खरवडल्या होत्या. मधली वाट तांबडी, ओली, आणि दोन्ही कडांना हिरव्याची दाट पट्टी, खालच्या वाडीपर्यंत. बाबांना जाऊन सात वर्षं झाली. त्यांनी त्याला कधी शिकवलं ते मला माहीत नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीला आई परत गेली. नोव्हेंबरात एका सकाळी पंपाच्या पाठीवर, जिथे मी कधी लक्ष दिलं नव्हतं तिथे, टिकलीएवढा गुलाबी डाग दिसला. नखाने खरवडून पाहिला, निघाला नाही. दगडासारखा घट्ट. कोरलाइन, चुन्याचं कवच करणारं शेवाळ. जुन्या टाक्यांचे दगड ज्याने जांभळे-गुलाबी होतात ते. विरजणातून आलेलं. आणखी दोन डाग मोठ्या दगडाच्या सावलीच्या अंगाला होते.

मी फोटो काढला आणि रात्री आईला पाठवला. इथे रात्रीचे दहा वाजले होते, तिकडे सकाळचे साडेआठ. वरचे दिवे नुकतेच मालवले होते आणि खालच्या कपाटाच्या फटीतून हिरवट उजेड जमिनीवर आला होता. फोन वाजला. मागे कोंबडा आरवत होता, आणि भांडी घासल्याचा आवाज.

“गुलाबी ते बघितलं,” ती म्हणाली. “चांगलं आहे. खालचा दिवा लागला का?”